कोपऱ्यातला काळा खडा

आमच्या नात्यातल्या एका लग्नात जेवणं उरकल्यावर मोठा गोंधळ झाला होता, आणि त्याला कारण पर्स. त्या वर्षी सुरतेतल्या आमच्या सगळ्या बायकांनी एकच पर्स घेतली होती: तपकिरी रंगाची, आणि वरपासून खालपर्यंत कुठल्याशा परदेशी कंपनीच्या अक्षरांनी भरलेली. हॉलमध्ये खुर्च्यांवर ठेवलेल्या सगळ्या पर्स सारख्या. एकीच्या पर्समध्ये दुसरीचा चष्मा निघाला, तिसरीच्या पर्समध्ये चौथीच्या बीपीच्या गोळ्या. माझी मावससासू तर भलत्याच बाईची पर्स काखेत मारून नंदुरबारच्या गाडीत जाऊन बसली. पुढच्या लग्नापासून बायका शहाण्या झाल्या. प्रत्येकीने पट्ट्याला आपापली खूण बांधली. कुणी लाल दोरा, कुणी मुलीच्या केसांची रिबीन, एकीने तर चक्क ब्लाऊजचा हूक. पर्सवर जागा सापडेल तिथे नाव लिहिलेलं, आणि ओळखायची कशाने, तर लाल दोऱ्याने.

मी हसून हसून बेजार झाले होते. कारण त्यातल्या निम्म्या पर्स मीच शिवलेल्या होत्या.

भेस्तानला एका कारखान्यात मी बॅगा शिवायला जायची. कारखाना म्हणजे पत्र्याखाली मांडलेल्या मशीनची एक रांग, कटिंगचं टेबल आणि दाराशी शेठची खुर्ची. अक्षरं छापलेलं रेक्झिन गुंडाळ्यांनी यायचं. माझं काम अक्षर जुळवायचं. अर्धं अक्षर पुढच्या तुकड्यावर असतं, अर्धं मागच्या. शिवण आली की दोन्ही मिळून एक दिसलं पाहिजे. एक टाका सरकला की अक्षराची मान मोडते आणि बॅग नकली आहे हे बाजारात लांबून कळतं. म्हणून ते काम माझ्याकडे. त्या अक्षरांचा अर्थ काय, ती कुणा माणसाच्या नावाची होती की गावाच्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा शेठला विचारलं होतं. तो म्हणाला, "आपणे शुं? मॅच थवुं जोइए." आपल्याला काय, जुळलं म्हणजे झालं. मीही पुढे विचारलं नाही. जुळवत राहिले.

मग हळूहळू हवा बदलली. आमच्या दिंडोलीत नाही, आमच्याकडे अजून अक्षरं जोरात होती. बदलली ती वेसूकडे, मोठमोठ्या बिल्डिंगींत. तिथल्या बायकांना म्हणे आता अक्षरं नकोशी झाली. पर्सवर काही दिसलं की ती बाई नवी पैसेवाली, आणि काहीच दिसलं नाही की खानदानी. आम्ही मशीनवर बसून यावर खूप खिदळायचो. आमच्या घरच्या गव्हाच्या पिशवीवरही काही लिहिलेलं नसतं, तेव्हा आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या खानदानी निघालो.

वेसूची एक बाई तिथे स्वतःचं छोटं दुकान चालवायची. ती एक दिवस कारखान्यात आली. तिच्या हातात एक साधी, मातकट रंगाची बॅग होती, तिचा पट्टा मुळातून उसवला होता. तिला तशाच बॅगा बनवून हव्या होत्या. शेठने हात झटकले. म्हणाला, आमच्याकडे कोरा माल चालत नाही. पण आलीच आहे तर पट्टा शिवून द्या म्हणून त्याने बॅग माझ्याकडे टाकली. मी शिवून दिली. बाईने पट्टा उजेडाकडे धरला, टाका शोधला, तिला तो सापडला नाही. मग तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, तुम्ही घरून मला एक बॅग शिवून द्याल का? नमुन्याची. पसंत पडली तर माझ्या दुकानाच्या सगळ्या बॅगा तुमच्याकडे.

शेठ खुर्चीत मागे रेलून हसला. "अक्षर काढी नाखशो तो तमारी सिलाईने कोण पूछशे, बेन?"

अक्षरं काढून टाकली तर तुझ्या शिलाईला कोण विचारणार. तो काही ओरडून बोलला नाही, प्रेमाने समजावल्यासारखं बोलला, आणि तेच मला झोंबलं. मला राग लवकर येतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माहीत आहे. मी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, एप्रन काढून मशीनवर ठेवला आणि उठले. मागून शेठ म्हणाला, उद्या ही मशीन दुसऱ्या मुलीला देईन. मी म्हटलं, आजच द्या, गरम आहे.

माझे मिस्टर पलसाण्याला डाईंग मिलमध्ये आहेत. ड्युटीवरून आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रागात उठलीस की विचार करून?"

"आधी रागात. रिक्षात बसल्यावर विचार केला."

"मग आता शीव नीट," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

त्या बाईने एका बॅगेपुरतं कापड पाठवलं. जाड, घट्ट विणीचं, वाळूच्या रंगाचं, दोन्ही बाजूंनी अगदी एकसारखं. सोबत निरोप: कशुं ज नहि, काहीच नको. नाव नाही, चमक नाही, बाहेरून बक्कलसुद्धा नाही. आठवड्याने ती स्वतः घरी येऊन बघणार होती. म्हणजे माझ्याकडे एक कापड, एक बॅग आणि एकच संधी. ती बॅग पसंत पडली नाही तर शेठचं बोलणं खरं, आणि कारखान्यातली मशीनही गेलेली.

तेव्हा मला कळलं की कोरं शिवणं म्हणजे काय. अक्षरांच्या गर्दीत वाकडा टाका लपून जातो. इथे लपायला जागाच नाही. कापडावर फक्त मी होते. एक कोपरा तर मी इतक्या वेळा उसवला की घरच्या जुन्या मशीनला माझा कंटाळा आला असेल. समोरच्या खोलीतली वहिनी दारात टेकून बघत उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "रेशनची पिशवी शिवतेस का गं? मलाही एक शीव, माझी फाटलीय." मी तिला चहा दिला आणि घरी पाठवलं.

पण सगळ्यात जास्त अस्वस्थ होत्या आत्या. सासूला मी आत्या म्हणते. शहाद्याकडच्या आहेत त्या, बोलणं अजून अहिराणीच. सुरतेत आल्यापासून त्यांनी घरबसल्या एकच काम केलं, साड्यांवर खडे चिकटवायचं. व्यापाऱ्याचा माणूस साड्यांचं गाठोडं आणून टाकतो, खड्यांची पाकिटं देतो, आणि आत्या दाराजवळच्या उजेडात बसतात. काडीच्या टोकाला मेण, त्याने खडा उचलायचा, गमाच्या ठिपक्यावर टेकवायचा. त्यांच्या हातून कोरं कापड कधी पुढे गेलेलं नाही. आणि त्यांची एक खोड. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतात ना, तशी त्या प्रत्येक साडीला लावतात. निऱ्यांत लपेल अशा कोपऱ्यात एक काळा खडा. व्यापाऱ्याच्या ते कधी ध्यानात आलं नाही. सुरतेतून निघून कुठकुठल्या गावांत नेसल्या गेलेल्या किती साड्यांना आमच्या आत्यांची तीट आहे, देव जाणे.

तर आत्यांना ती बॅग बघवत नव्हती. येता-जाता हात लावायच्या.

"हाई असंच ठेवशी?"

"असंच हवंय त्यांना. श्रीमंत बायांना आता वर काही दिसायला नको असतं."

"मंग त्या श्रीमंत शेत हाई लोकेसले कसं समजी?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळतं, आत्या."

"आन बाकीनासले?"

"बाकीच्यांना कळायलाच नको आहे."

आत्यांनी काडीला पुन्हा मेण लावलं आणि पुढचा खडा उचलला. त्यांना माझी दया आली असावी. लोकांच्या नादी लागून सुनेने नोकरी सोडली आणि आता गरिबासारखी उघडी बॅग देऊन हात पसरणार, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

बाई यायची त्या दिवशी बॅग तयार होती. रात्रीच पूर्ण झाली होती, सकाळी उजेडात बघितली आणि मला स्वतःलाच ती आवडली. बाई चार वाजता येणार होती. मी तिच्यासाठी खमण आणायला आणि मशीनचं थोडं सामान घ्यायला उधन्याला गेले. निघताना आत्यांना म्हटलं, बॅगेकडे लक्ष ठेवा, मांजर बसेल. त्यांनी लक्ष ठेवलं.

परत आले तेव्हा बॅग दाराजवळच्या उजेडात उभी होती आणि लखलखत होती. पुढच्या आख्ख्या भागावर मोगऱ्याची वेल. पांढऱ्या खड्यांच्या कळ्या, पानांच्या जागी बारीक सोनेरी. खालच्या कोपऱ्यात एक काळा खडा. आत्या शेजारी पाय पसरून बसल्या होत्या, बोटं गमाने चिकट, आणि चेहरा असा की आता सून आपल्या गळ्यात पडेल.

माझ्या तोंडून जे गेलं ते इथे लिहीत नाही. खमणाची पिशवी मी कुठे आपटली हेही आठवत नाही. समोरची वहिनी दारातून डोकावली आणि लगेच मागे सरकली. आत्यांनी एकदाच तोंड उघडलं. "उघडी व्हती ना बापडी. लोकेसमोर कशी जाती?" मग त्यांनी हळूच नखाने एक खडा काढायला घेतला. खडा निघाला आणि त्याखाली पिवळट डाग राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी खडे बसवलेच होते. काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मी खाली बसले आणि रडले. राग संपला की मला रडू येतं, हेही दोन्हीकडे माहीत आहे. बाईला फोन करून सांगावं का येऊ नका? मग शेठची खुर्ची डोळ्यांसमोर आली. तो मागे रेलून हसेल तेही. आणि माझं रडू थांबलं. मी बॅग मांडीवर घेतली, उघडली, आत हात घातला आणि कापड चिमटीत धरून बघितलं. जाड कापड. गमाचा थेंब आत उतरला नव्हता. आतली बाजू स्वच्छ, वाळूच्या रंगाची, बाहेरच्यासारखीच.

"आत्या," मी म्हटलं, "ही उलटी करायची."

नुसती उलटी करून भागणार नव्हतं. उलटी केली की शिवणींच्या कच्च्या कडा बाहेर येतात. म्हणजे प्रत्येक शिवण उसवायची, कडा दुमडून आत घालायच्या आणि पुन्हा शिवायची, दोन्ही बाजूंनी साफ दिसेल अशी. त्यासाठी शिवणीपाशी जास्तीचं कापड लागतं. ते मी सोडतेच. कारखान्यात शेठ त्यावरून नेहमी कुरकुर करायचा, की तू कडेला एवढं कापड वाया घालवतेस. त्या दिवशी मी त्या वाया गेलेल्या कापडाला मनोमन हात जोडले.

"मी उसवस," आत्या म्हणाल्या आणि चष्मा पुसून ब्लेड घेतलं.

आम्ही दोघी जेवलो नाही. त्या उसवत होत्या, मी दुमडून शिवत होते. फक्त एकदा शिवण कोपऱ्याजवळ आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि काळा खडा सुईखाली येत नाही ना ते बघून घेतलं. मला हसू आलं. एवढं सगळं झालं आणि त्यांना काळजी कशाची, तर तिटेची.

शेवटचा दोरा तोडला आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला.

बाई आली, बसली, पाणी प्यायली. खमण थोडं चेपलं होतं, पण तिने आवडीने खाल्लं. मग मी बॅग समोर ठेवली. वाळूच्या रंगाची, कोरी, वर काही म्हणता काही नाही. तिने ती उचलली, फिरवली, तळ बघितला. शिवणीवरून बोट फिरवत नेलं, पुन्हा उलटं आणलं. मी तिच्या बोटाकडे बघत होते. आत्या आतल्या खोलीच्या दारात, पदर तोंडाशी धरून.

"सरस," ती म्हणाली. मग आतली बाजू बघायला तिने आत हात घातला आणि थांबली. हाताला खडे लागले होते. तिने बॅगेचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं. दारातलं चारचं ऊन सरळ आत पडलं आणि आख्खी मोगऱ्याची वेल पेटल्यासारखी उजळली. त्याचे बारीक कवडसे तिच्या हनुवटीवर आणि गळ्यावर नाचायला लागले.

मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. त्याआधी आत्या दारातून बोलल्या. घाबरल्या होत्या, पण आवाज खणखणीत.

"बाहेर नको सांगं ना तुम्ही. मंग आत ऱ्हाऊ द्या. तुमनं तुम्हीच देखा."

खानदेशी आणि गुजराती यांच्यात फार अंतर नाही. बाईला ते कळलं. तिने आत्यांकडे बघितलं, पुन्हा बॅगेत बघितलं, आणि अशी हसली की तिचं सगळं वेसू गळून पडलं. म्हणाली, लोकांना दाखवायचं नाही म्हणून मी आजवर सगळं काढूनच टाकत होते. स्वतःसाठी काही ठेवायचं राहूनच गेलं होतं. मग बॅग मिटली, परत उघडली, परत मिटली. लहान मुलगी नव्या कंपासपेटीचं करते तसं. जाताना तिने माझ्या हातात नाही, आत्यांच्या हातात हात दिला आणि म्हणाली, "बधी आवी ज जोइए, बा." सगळ्या अशाच हव्यात.

ती जिना उतरून गेली. मग मी आत्यांच्या गळ्यात पडले. सकाळी त्यांनी ज्याची वाट बघितली होती ते त्यांना उशिरा मिळालं, पण मिळालं.

तेव्हापासून आमच्या घरात तेच काम आहे. मी शिवते, आत्या आत वेल काढतात. मोगरा झाला, कारल्याची वेल झाली, एकदा त्यांनी शेवग्याची फुलं काढली. बाहेर कोरं, आत त्यांचं राज्य, आणि खालच्या कोपऱ्यात न चुकता एक काळा खडा. रेशनची पिशवी मागणारी वहिनी आता आमच्याकडे कडा दुमडायला बसते. तिला मी अजून अधूनमधून विचारते, पिशवी शिवू का तुला एक? ती म्हणते, गप गं. शेठचा फोन दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने तब्येत विचारली. दुसऱ्यांदा मशीन रिकामी आहे म्हणाला. मी म्हटलं, पुसून ठेवा, गंजेल.

परवा उधन्यात एक हळद होती. मी आणि आत्या भिंतीशी खुर्च्यांवर बसलो होतो. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती मुलगी आली, आता लग्न होऊन बाई झालेली. माझ्या शेजारी बसली आणि मांडीवर बॅग ठेवली. वाळूच्या रंगाची, कोरी. मी बघतच राहिले. तिने मोबाईल काढायला ती उघडली आणि आत खडे चमकले. मोगऱ्याची वेल.

"कुठून घेतलीस?" मी विचारलं.

"घेतली कुठली, आम्हीच बनवतो," ती म्हणाली. "शेठने अक्षरं बंद केली ना. वेसूच्या कुठल्या दुकानातून एक बॅग आणली, उसवून बघितली आणि म्हणाला, डिट्टो हीच पाहिजे. दिवसभर खडे लावून डोळे जातात, ताई."

शेठने माझी शिवण उसवून बघितली होती. माझी दुमड, माझ्या कडेचं जास्तीचं कापड. अक्षरं काढल्यावर माझ्या शिलाईला कोण विचारणार, असं म्हणणारा माणूस ती टाक्याटाक्याने उतरवून घेत होता. मला त्या हळदीत उठून नाचावंसं वाटलं, आणि खरं सांगते, थोड्या वेळाने मी नाचलेही. पण त्याआधी तिने बॅग आमच्यासमोर अजून थोडी उघडली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ताई, तुम्हाला माहीत असेल. इथे हा काळा खडा कशाला असतो? एका मुलीने चुकून पांढरा लावला तर शेठने आख्खा लॉट पुन्हा नव्याने करायला लावला. म्हणतो मूळ डिझाईनमध्ये आहे, सोडायचा नाही. पण का, ते त्यालाही माहीत नाही."

मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी चष्मा वर केला, बॅग मांडीवर घेतली, तोंड बॅगेत घालून कोपरा नीट बघितला आणि पदराने तो काळा खडा पुसला.

"तीट शे ती मनी," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. तुमना शेठले बी दिष्ट नको लागाले."